वापरात नसलेला सिलिंडर परत केला, डिपॉझिट अडलं: काय उपयोगी पडलं

कोल्हापुरात घरी पाइपचा गॅस आल्यावर जुना १४.२ किलोचा सिलिंडर आणि रेग्युलेटर पडून होते. वितरक डिपॉझिट द्यायला तयार नव्हता. वर 'न वापरल्याचं भाडं' मागत होता. असं भाडं नसतंच. सिलिंडर-रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचे, आपलं फक्त डिपॉझिट.

सगळा आधार सबस्क्रिप्शन व्हाउचरचा, म्हणजे कनेक्शन घेताना मिळालेल्या डिपॉझिटच्या पावतीचा. त्यावर लिहिलेली रक्कमच परत मिळते, आजच्या दराची नाही. व्हाउचर हरवलं असेल तर हमीपत्र द्यावं लागतं. रबरी नळी आणि शेगडी आपली, ती परत मागितली तर देऊ नका. सिलिंडर रिकामा करूनच न्या, उरलेल्या गॅसचे पैसे धरू नका. टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद करून सामान परत घेतल्याची पावती) हातात आल्याशिवाय सामान सोडू नका. खरी भांडणं इथेच होतात, कारण पुढे पुरावाच उरत नाही.

नकार लेखी मागितला. मिळाला नाही, म्हणून रजिस्टर पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस, प्रत कंपनीला. त्यावरच पैसे आले.

नाहीतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.