घोटा बरा झाल्यावर पुन्हा शेळ्यांमागे

प्लास्टर निघालं म्हणून लगेच अख्खा कळप घेऊन ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडे निघू नका. आधी डॉक्टरांना विचारा, पायावर पूर्ण भार टाकू का. त्याहून मोठी काळजी शेळ्या वळणाऱ्या कुत्र्याची. दीड महिना बांधलेला मोत्या सुटला, की शेळ्या थेट तुमच्या गुडघ्यावर आणून आदळतो. म्हणून पहिला आठवडा वाड्यातच, लांब दोरी लावून, तीन-चार थोराड, गरीब शेळ्यांवर त्याच्याकडून फक्त ‘थांब’ घोटून घ्या. बोकड बाहेर. तुम्ही कुंपणाला पाठ लावून उभे राहा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा, बहुतेक जण नेमकी उलटी धरतात. आणि पुढे येऊरकडे गेलात, की ऊन कलायच्या आत परता. तिकडे बिबट्या आहे, पळता येणार नाही.