सोल्डरिंग स्टेशन, बिट आणि सोल्डर वायर: या चुका टाळा

इलेक्ट्रॉनिक्सच्या नादाला नवीन लागलेला माणूस पैशांची वाटणी ठरलेल्या पद्धतीने करतो. जवळजवळ सगळे पैसे स्टेशनला (तापणारी गन आणि तिचं तापमान ठरवणारा डबा), बिट (गनचं टोक) सोबत येईल ती आणि सोल्डर वायर (वितळवून जोड करायची तार) दुकानदार हातात ठेवेल ती. पुढे जॉइंट धरत नाहीत, पॅड (बोर्डावरचे तांब्याचे ठिपके) उखडतात, बिट आठवड्यात काळी ठिक्कर पडते आणि शिव्या स्टेशनला बसतात. माझ्या मते ही वाटणीच उलटी आहे. चांगली वायर आणि योग्य बिट असेल तर साध्या स्टेशनवर सुरेख काम होतं. वायर भिकार असेल तर महागडं स्टेशनही काही करू शकत नाही.

वायर घेताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन नुसतं "काका, सोल्डर वायर द्या" म्हणालात तर मिळेल ती वायर घरी न्यावी लागेल. मागायचं असं: "६०/४० किंवा ६३/३७, आत फ्लक्स असलेली, २२ गेज." फ्लक्स म्हणजे सोल्डर नीट धरायला लावणारा राळेसारखा पदार्थ. २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर. पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) कामाला हीच जाडी सोयीची. १८ गेजची जाड वायर स्वस्तात जास्त मिळाल्यासारखी वाटते, पण आयसीच्या दोन पायांमध्ये नको असलेला पूल (शॉर्ट) बांधायला ती एक नंबर.

६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली वायर १८३ अंशांना वितळते आणि त्याच तापमानाला गोठते. मध्ये लापशीसारखी अवस्थाच नसते. ६०/४० मध्ये ही अवस्था जेमतेम सात-आठ अंशांची असते, म्हणून तीही चालते. कथील महाग, शिसं स्वस्त. त्यामुळे रिळावर ६०/४० छापून आत कथील कमी घातलेला माल बाजारात भरपूर आहे. ४०/६० चं मिश्रण १८३ ला मऊ व्हायला लागतं, पण पूर्ण पातळ व्हायला २३५ च्या पुढे जावं लागतं.

हे घरी तपासता येतं. बिट ३२० वर ठेवा, तांब्याच्या स्वच्छ वायरीवर थोडं सोल्डर सोडा, बिट उचला आणि गोठताना नीट बघा. चांगलं सोल्डर चटकन गोठतं आणि चकचकीत राहतं. हलकं सोल्डर क्षणभर लापशीसारखं होतं, मग मातकट राखाडी पडतं. त्या क्षणभरात हात हलला की ड्राय सोल्डर (वरून जोडलेला, आतून कच्चा जॉइंट) झालंच म्हणून समजा. वितळताना राळेचा वास आणि थोडा धूर यायला हवा. धूर नाही आणि सोल्डर गोळी होऊन पळत असेल तर आत फ्लक्स नावालाच आहे. आधी छोटं रीळ घ्या, तपासा, मग अर्धा किलोचं बघा.

शिसंविरहित वायर 'आरोग्याला चांगली' म्हणून नवशिक्याच्या गळ्यात मारली जाते. कथील आणि तांब्याची ९९.३/०.७ वायर २२७ अंशांना वितळते, चांदीचा अंश असलेली २१७ ते २२० च्या आसपास. जॉइंट मुळातच जरा निस्तेज दिसतो, म्हणून चांगला की वाईट हे नवख्या डोळ्यांना कळत नाही. शिकताना शिशाचीच घ्या. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. धूर असतो तो फ्लक्सचा. तो फुप्फुसांना त्रास देतो, दम्याच्या माणसाला तर जास्तच, म्हणून छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा लावा. शिसं पोटात जातं ते हातांवरून. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, टेबलावर चहा-बिस्किटं नकोत. घरात लहान मूल त्याच टेबलावर बसत असेल तर मात्र मीही शिसंविरहित घेईन.

पिवळट फ्लक्स पेस्टच्या डबीबद्दल एकच सांगतो: पत्रा आणि पाइप जोडायची पेस्ट पीसीबीला लावू नका. तिच्यातले क्षार मागे राहतात आणि पुण्याचा एक पावसाळा गेला की ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) हिरवे पडायला लागतात. रोझिन (राळेचा) फ्लक्स घ्या.

स्टेशन: वॅट बघून भुलू नका

२५ वॅटची साधी गन, सोल्ड्रॉनची म्हणा, दोन-चार वायरी जोडायला ठीक आहे. तिला तापमानाचा लगाम नसतो. लावून ठेवली की नुसती तापत राहते आणि फ्लक्स जळतो. आठवड्याला एखादा प्रोजेक्ट करणाऱ्याने तापमान-नियंत्रणाचंच घ्यावं.

बाजारात '९३६' नावाने जे ढिगाने मिळतं ते हाको या जपानी कंपनीच्या एका जुन्या मॉडेलच्या नकला. वाईट नाहीत, पण एक खोड आहे. सेन्सर हीटरमध्ये असतो आणि ९००एम जातीची बिट त्यावर टोपीसारखी बसते. नकली बिटचं भोक सैल असलं की मध्ये हवा राहते. डिस्प्ले ३५० दाखवतो, टोक मात्र बरंच मागे. उपाय म्हणून आत फॉइल कोंबणारे आहेत. तसं करू नका, सिरॅमिक हीटर तडकू शकतो. घट्ट बसणारी बिट शोधा.

टी१२ जातीच्या बिटमध्ये हीटर, सेन्सर आणि टोक एकाच तुकड्यात असतात. त्यामुळे ही भानगड नाही आणि तापायलाही काही सेकंदच लागतात. बिट महाग पडते, कारण दर वेळी हीटरही विकत घ्यावा लागतो. तरी आज नवीन घ्यायचं तर मी याच जातीचं सुचवेन. पाइनसिलसारखी छोटी यूएसबी-सीची गन घेणारे एक चूक हमखास करतात: मोबाइलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला जोडतात आणि 'तापत नाही' म्हणून परत करायला निघतात. तिला पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर लागतो, शक्यतो २० व्होल्ट देणारा.

बिट: सुईटोक कशाला?

सोबत मिळते ती सुईसारखी टोकदार बिट. बारीक काम म्हणजे बारीक टोक, असा सगळ्यांचा समज. पण उष्णता जाते ती स्पर्शाच्या क्षेत्रफळातून आणि सुईला क्षेत्रफळच नाही. बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटच्या) बोर्डावरची ग्राउंडची पिन घ्या. खाली तांब्याचा अख्खा पत्रा, तो उष्णता ओढून घेतो. सोल्डर वितळत नाही म्हणून पठ्ठ्या तापमान ४५० वर नेतो. मोठ्या भाकरीला छोटा तवा घेऊन खालची आच वाढवावी, तसला हा प्रकार. फ्लक्स आधीच जळून जातो, पॅड बोर्डावरून सुटतो आणि जॉइंट तरीही कच्चाच. तिथेच २.४ मिलिमीटरची चपटी, छिन्नीसारखी बिट ३५० वर लावा. पिन आणि पॅड दोन्हींना एकदम टेकवा, बिटला नव्हे तर जॉइंटला वायर लावा. दोन-तीन सेकंदांत काम होतं. नव्वद टक्के कामं या एकाच बिटने होतात. सुईटोक डब्यात राहू द्या.

बिट काळी पडली आणि सोल्डर धरेना, की हात सँडपेपरकडे जातो. तिथेच बिटचा जीव जातो. आत तांबं, वर लोखंडाचा पातळ थर. तो थर खरवडला की उघडं तांबं कथिलात विरघळायला लागतं आणि टोकाला खड्डा पडतो. त्याऐवजी तापमान २५० च्या आसपास आणा, टोकावर फ्लक्सची वायर भरपूर लावा, पितळी तारेच्या गुंडाळ्यात फिरवा, पुन्हा वायर लावा. चार-पाच फेऱ्यांत बहुतेक बिटा परत उजळतात. बंद करण्यापूर्वी टोकावर सोल्डरचा थेंब ठेवा, पुसून चकचकीत करून ठेवू नका. स्पंज वापरत असाल तर पिळून ओलसर ठेवा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर स्पंजला तेवढं डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरीत घालतात तेच.

अर्थिंग

हे कोणी बघतच नाही. स्टेशनचा प्लग काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक प्रोब प्लगच्या जाड (अर्थच्या) पिनला आणि दुसरा बिटच्या स्वच्छ टोकाला. दोन-चार ओहम आले तर ठीक. काहीच आलं नाही तर त्या गनचा गळतीचा व्होल्टेज तुमच्या मॉसफेटच्या (एका नाजूक ट्रान्झिस्टरच्या) गेटवर जाणार. मग 'पार्ट डुप्लिकेट निघाला' म्हणत दुकानात भांडायला जायचं. स्टेशन बरोबर असलं तरी पेठांमधल्या जुन्या वाड्यांत सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, असं सर्रास सापडतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. नळाला वायर बांधायचा उद्योग करू नका, आतले पाइप आता बहुतेक प्लास्टिकचे असतात.