आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला बैठका मारायला लावू नका : या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका घरी मी पहिल्यांदा व्यायाम घ्यायला गेले, तेव्हा अण्णा पलंगावर बसलेले आणि समोर त्यांचे तालमीतले जुने जोडीदार उभे. "उठ मर्दा, गडी न्हवं तू? मार दोन बैठका!" आतून वहिनींचा आवाज आला, "म्हैनाभर हलवू नका त्यास्नी, पडू द्या निवांत." अण्णा वीस दिवस आयसीयूत होते, त्यातले अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. न्यूमोनिया बरा झाला होता, रिपोर्ट चांगले होते, पण पलंगावरून हाताचा रेटा देऊनही उठता येत नव्हतं. जोडीदारही चुकत होते आणि वहिनीही. घरोघरी फिजिओथेरपी करताना या दोन चुका मला सगळ्यात जास्त भेटतात.

"मनानं खचलाय" म्हणणं

अण्णांना सगळे "हिंमत धर" सांगत होते. हिंमत होती, मांडीच राहिली नव्हती. 2013 साली लंडनमध्ये आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीवर मोजला, तेव्हा दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी 17-18 टक्के घटलेलं दिसलं. नुसतं पडून राहिल्यामुळे एवढं होत नाही. अंगात पसरलेला जंतुसंसर्ग, सूज, वाढलेली साखर, काही औषधं यांनी स्नायू झिजतो आणि कधी कधी त्याला हुकूम देणारी नसही दुखावते. म्हणून हा अशक्तपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि खांदे, कंबर, मांड्या इथं जास्त जाणवतो. चमचा धरता येतो, पण हात डोक्यापर्यंत जात नाही.

मात्र एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो हा अशक्तपणा नव्हे. फिजिओची वाट न बघता दवाखाना गाठा.

एका दिवसात तालीम भरवणं

कोल्हापूरकरांना हे पटवायला मी वस्तादांचा दाखला देते. गुडघा दुखावलेला पैलवान बरा झाला म्हणून कुठला वस्ताद त्याला दुसऱ्या दिवशी खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवतो? आधी हलकी मेहनत, मग माती, मग जोड. आयसीयूतही जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या काही रुग्णांना नेहमीपेक्षा जास्त आणि लवकर हालचाल दिली. त्यांना जादा फायदा झाला नाही, उलट ठोके अनियमित होणं, रक्तदाब वरखाली होणं असले त्रास वाढले.

अण्णांची पहिली बैठक खुर्चीवरची होती. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवली, बसायला उंची यावी म्हणून घट्ट गादी टाकली. पाय मागे घ्यायचे, पुढं झुकायचं, हातांनी रेटा देऊन उठायचं आणि सावकाश बसायचं. पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागलं की गादी काढायची, मग हाताचा रेटा कमी करायचा. श्वास लागला तरी एक वाक्य बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ऑक्सिजन डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली गेला की तिथंच थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग गळालेलंच असेल, तर कालचं जास्त झालं. आज निम्मं करा.

पडून राहण्याबद्दल वहिनींना एवढंच सांगितलं : जेवण पलंगावर नको, खुर्चीत द्या. तीन जेवणं म्हणजे तीनदा उठणं-बसणं आपोआप झालं.

रश्श्याला ताकद समजणं

ही खास आपली चूक. वाटीभर पांढरा रस्सा पाजला की घरच्यांना वाटतं, ताकद गेली पोटात. स्नायू भरून यायला प्रथिनं लागतात आणि ती रश्श्यात थोडी, फोडींत जास्त. साधारण किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम धरा. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6, कपभर दुधात 7-8, वाटीभर घट्ट डाळीतही तेवढीच. एकदम खाल्लं जात नाही, म्हणून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. मूत्रपिंडाला त्रास झाला असेल तर हा आकडा आधी डॉक्टरांना विचारा. आयसीयूत तो बऱ्याच जणांना होतो. आणि कट्ट्यावरचं धारोष्ण दूध सध्या नको, उकळूनच द्या.

घशातली नळी काढल्यावर काहींना गिळणंही अवघड जातं. पाणी किंवा रस्सा पिताना ठसका लागला, आवाज ओला-घोगरा झाला, तर पातळ पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवा. श्वासनलिकेत गेलेला घोट पुन्हा न्यूमोनिया घेऊन येतो.

चपला, मालीश आणि ओढणं

काहींचा पाऊल वर उचलणारा स्नायू ढिला पडतो आणि चालताना अंगठा जमिनीला घासतो. अशा पायात मागे पट्टा नसलेली कोल्हापुरी चप्पल म्हणजे पडायला निमंत्रण. (अण्णांना हे सांगताना माझीच जीभ जड झाली.) टाच धरून ठेवणारे, न घसरणारे बूट घाला.

तेलाच्या मालीशनं बरं वाटतं, पण स्नायू वाढत नाही. एकच पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, तर तिला हातही लावू नका. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उठवताना काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढू नका, आधीच सैल झालेला खांदा निखळू शकतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तिथं धरा.

अण्णांच्या घरचा लाकडी जिना मी मुद्दाम शेवटी ठेवला. खुर्चीवरून हात न लावता सलग पाच वेळा उठता येईपर्यंत जिना नाही, असा करार होता. तोवर संडासासाठी कमोडची खुर्ची, कारण उकिडवं बसून उठणं हे मांडीचं सगळ्यात अवघड काम. सातव्या आठवड्यात त्यांनी पाच मोजून दाखवले. खाली उतरले ते मी दोन पायऱ्या खाली उभी असताना, कठडा धरून, बूट घालून. जोडीदार दारातच उभे होते. म्हणाले, "आता रंकाळ्याला?" मी म्हटलं, "आधी कोपऱ्यापर्यंत."