रत्नागिरीतून क्रिमिनॉलॉजीच्या एमएला अर्ज करताना

मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस, म्हणजे गुन्हेगारी आणि न्याय, शिकायचं, तर आधी सीयूईटी पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा द्या. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलात तरी फॉर्म भरता येतो. नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच टाका. एका अक्षरापायी मला तीन खेपा पडल्या.

मुलाखतीसाठी ‘हा विषयच का’ याची तयारी मात्र मनापासून करा. ‘समाजसेवेची आवड’ पुरत नाही. मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचे. राजापूरहून पहाटेच्या एसटीने आलेली एक आई, पदराच्या गाठीत परतीचे पैसे, मुलगा कच्चा कैदी, म्हणजे खटला निकाली लागायच्या आधीच तुरुंगात. मी तेच सांगितलं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७९ आधी वाचा. अशा कैद्यांच्या जामिनाचंच आहे ते.