रब्बीचा पाणीहिशेब: पंप सुधारला, आता तास मोजा

परतीचा पाऊस ओसरला आहे, विहिरी तुडुंब आहेत आणि हरभरा-गव्हाच्या पेरणीची घाई सुरू आहे. कुणी जुनी मोटार काढून जादा स्टारची बसवली, कुणाकडे सौर पंप आला, कुणी पाटपाणी सोडून ठिबक केलं. तिन्ही गोष्टी चांगल्याच. पण पाभर जुंपण्याआधी घरात बसून एवढं ठरवा, की वाचलेलं पाणी जाणार कुठे? बहुतेक घरांत उत्तर तयार असतं: 'एकरभर कांदा वाढवू'. बचत तिथेच संपते.

आकड्यांत बघा. काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर एक युनिट वीज 1,000 लिटर पाणी 367 मीटर उचलते. समजा, झिजलेला इम्पेलर (पंपातला फिरता पंखा) आणि वेडीवाकडी पाइपलाइन यामुळे त्यातलं 30 टक्केच हाती लागतं. एकूण उचल 30 मीटर असेल, तर युनिटला साधारण 3,670 लिटर पाणी येतं. नवा संच 45 टक्क्यांवर चालला तर त्याच युनिटला 5,500 लिटर, म्हणजे दीडपट. पण जादा उपशानं पातळी खाली जाऊन उचल 45 मीटर झाली की पुन्हा 3,670 वरच आलात. आता भिजवायला एकरभर पीक जास्त, म्हणजे एकूण वीज आधीपेक्षा जास्तच. बिल माफ असलं तरी वीज जळतेच, आणि डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) भारही येतोच.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं 1865 मध्ये कोळशाबाबत हेच दाखवलं होतं. वाफेचं इंजिन काटकसरी झालं, स्वस्त पडू लागलं, म्हणून जागोजागी बसलं आणि देशाचा कोळसा जास्तच खपला. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये पाणी वाचवणारे तुषार नोझल आले, तेव्हा शेतकरी जास्त पाणी लागणाऱ्या पिकांकडे वळले आणि भूजलाचा उपसा वाढला. माणसं हावरट म्हणून नव्हे; स्वस्त झालेली गोष्ट कुणीही जास्त वापरतो.

आपल्याकडे काळ्या कातळामुळे हे लवकर अंगाशी येतं. कातळाच्या भेगांत आणि मुरमात पाणी मावतं जेमतेम एक ते तीन टक्के. दोन टक्के धरले, तर एकराखालून 40 मिलिमीटर पाणी काढलं की पातळी 2 मीटर उतरते. पाटपाण्यातलं काही पाणी झिरपून पुन्हा विहिरीला लागायचं, ठिबकमध्ये तेही कमी. त्यामुळे ठिबक करून क्षेत्र दुप्पट केलं, तर विहिरीच्या दृष्टीनं तो तोटाही ठरू शकतो.

म्हणून आधी विहीर मोजा. दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी घ्या. सांजेला मोटार बंद केल्यावर एकदा आणि सकाळी सुरू करण्याआधी एकदा. विहिरीचा व्यास 8 मीटर असेल तर एक मीटर पाणी म्हणजे सुमारे 50,000 लिटर. समजा रात्रीतून दीड मीटर चढलं, तर आवक 75,000 लिटर. जानेवारीत ठिबकवरच्या कांद्याला दिवसाला 5 मिलिमीटर धरलं तर एकरी 20,000 लिटर लागतात, म्हणजे पावणेचार एकर भागेल असं वाटतं. पण मार्चात आवक 25,000 वर आली आणि गरज 24,000 वर गेली, की एकच एकर उरतो. क्षेत्र ठरवायचं ते शेवटच्या महिन्याच्या आवकेवर. भरल्या विहिरीकडे बघून ठरवू नका.

पंपाचा वेग काढायला 200 लिटरचा ड्रम पुरतो. 40 सेकंदांत भरला तर तासाला 18,000 लिटर. ही आकडेमोड स्टार्टरच्या पेटीत आतून लिहून ठेवा आणि रोजचे तास वहीत टाका. ऑटो स्टार्टर मात्र काढाच. वीज आली की गरज नसताना मोटार सुरू होते, आणि साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी जळते, ते वेगळंच.

पाळ्या नेमक्या वेळी द्या. गव्हाला एकच पाणी असेल तर ते पेरणीनंतर 40-42 दिवसांनी द्या. दोन असतील तर 20-22 आणि 60-65 दिवसांनी. हरभऱ्याला भारी जमिनीत 30-35 आणि 65-70 दिवसांनी दोन पाळ्या पुरतात. जास्त पाण्यानं तो नुसता माजतो. ज्वारीला एकच पाणी शक्य असेल तर पोटरीत, म्हणजे 50-55 दिवसांनी द्या. ठिबकच्या गाळणीच्या दोन्ही गेजमधला दाबाचा फरक 0.5 किलोच्या वर गेला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून ती धुवा. चोंदलेल्या गाळणीवर मोटार तास खाते आणि पाणी देत नाही.

सौर पंपवाल्यांनी जास्त जपायचं. तिथे जादा तासाला पैसाच पडत नाही, म्हणून ऊन आहे तोवर उपसा चालू राहतो. अर्ज करताना मोठ्या अश्वशक्तीचा मोह धरू नका, विहिरीची आवक बघा. पाळी नसेल त्या दिवशी पंप बंदच ठेवा. संचाला युनिव्हर्सल कंट्रोलर असेल तर त्या उन्हावर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवा. वीज वापरली जाईल, पाणी जागेवर राहील.

एकट्यानं हे अर्धंच जमतं, कारण तुमचं राखलेलं पाणी शेजारची बोअर ओढून नेते. हिवरे बाजारनं सिंचनासाठी बोअर बंद ठेवल्या, ऊस आणि केळी टाळली, आणि दरवर्षी पाऊस मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी घेते. आपल्या भागातला ऑक्टोबरचा आकडा ग्रामसभेत मागून घ्या, आणि उन्हाळी पिकाचं क्षेत्र जानेवारीची मोजणी झाल्यावरच ठरवा.