अंदमानला निवांत जायचंय ना? मग या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की माझ्या व्हॉट्सॲपवर कुणाची ना कुणाची एक्सेल शीट येऊन पडते. "दादा, अंदमानचा प्लॅन केलाय, जरा नजर टाक." नजर टाकतो. पाच रात्री, सहा दिवस, चार बेटं, एकवीस 'पॉइंट'. एका दिवशी पहाटे तीनला उठायचं, दुसऱ्या दिवशी दोन बोटी बदलायच्या, जेवणाला प्रत्येकी चाळीस मिनिटं. आणि वर ठळक अक्षरांत शीर्षक काय, तर 'रिलॅक्स ट्रिप'.

मी सहा वेळा जाऊन आलोय. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आधी मी स्वतः केल्यात, मग नातेवाइकांना करताना पाहिल्यात, आणि आता त्याच त्या पुन्हा पुन्हा पाहून कंटाळलोय.

शेवटची रात्र हॅवलॉकवर

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

हिशोब वरवर बिनचूक दिसतो. हॅवलॉक बेट ते पोर्ट ब्लेअर, म्हणजे विमानतळ असलेली अंदमानची राजधानी, जलद बोटीने दीड-दोन तास. सकाळची पहिली बोट पकडली की दुपारचं विमान आरामात मिळतं. मग एक रात्र पोर्ट ब्लेअरला 'वाया' कशाला घालवायची? आमच्या दुसऱ्या खेपेला मी अगदी हेच केलं. बरोबर बायको, मेहुणी आणि तिचा नवरा. पहाटे पावणेसहाला बॅगा ओढत जेटीवर पोचलो. आकाश स्वच्छ, ऊन पडलेलं, पाऊस नाही. फक्त वारा. गेटवरचा माणूस चहाचा ग्लास हातात धरून शांतपणे म्हणाला, "आज बोट नहीं जाएगा." मी त्याला आकाश दाखवलं. त्याने मला समुद्र दाखवला. खाडीच्या तोंडापलीकडे पांढऱ्या लाटा फुटत होत्या.

त्या दिवशी एकही बोट सुटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी बोट निघाली. तिच्यात आधी पेशंट, मग गावातले लोक, आणि उरलेल्या जागेत आम्ही. ते बरोबरच होतं, त्यांचं ते घर आहे. विमानाची जुनी तिकिटं बुडाली आणि आयत्या वेळची नवी काढली, ती अख्ख्या सहलीच्या तिसऱ्या हिश्श्याला पडली. मेहुणीच्या नवऱ्याने पैशाचा विषय काढला नाही, पण अजून लग्नाकार्यात भेटलो की "काय, बोट आहे ना उद्या?" एवढं विचारतोच.

आम्ही एका दिवसावर सुटलो. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि शेजारच्या नील बेटावर हजाराहून जास्त पर्यटक काही दिवस अडकून पडले होते, शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. लोकांना वाटतं, पावसाळा टाळला की झालं. बंगालच्या उपसागरातली वादळं नेमकी ऑक्टोबर ते डिसेंबरात जोर धरतात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत.

माझी आताची सवय अशी: उतरल्या दिवशीच किंवा दुसऱ्या सकाळी थेट बेटांवर जायचं आणि पोर्ट ब्लेअर शेवटी ठेवायचं, एक पूर्ण दिवस आणि एक रात्र हाताशी धरून. बोट चुकली तर तो दिवस खर्ची पडतो, विमान नाही. नाही चुकली तर सेल्युलर जेल निवांत बघून होतं. टूरवाले उलटं करतात, पहिल्याच दिवशी जेल उरकून टाकतात. त्यांचं गणित वेगळं असतं.

याच ओघात आणखी एक. स्कूबा शेवटच्या संध्याकाळी करून सकाळी विमानात बसू नका. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि वर विमानात हवेचा दाब कमी असतो. मी चोवीस तास मधे ठेवतो. "एकच डाइव्ह तर होती" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

घड्याळ मुंबईचं, सूर्य अंदमानचा

घड्याळात भारतीय वेळ, पण ही बेटं कोलकात्याच्याही पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्य बुडतो. दुपारी जेवून, ताणून देऊन, साडेपाचला हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला पोचणारी मंडळी मी दर वेळी बघतो. लाइफगार्ड शिट्ट्या मारून लोकांना पाण्याबाहेर काढत असतो आणि हे विचारतात, "हो गया क्या?" साडेतीनला तिथं असा. आणि पहाटे उठा, तिथं पाचला उजाडायला लागतं. रात्री नऊला झोप येते, येऊ द्या.

भरती न बघता नील बेटावर जाणं

ही माझी खास आवडती चूक, कारण ती आमच्या घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाने केली.

माझे सासरे श्रीवर्धनचे. अण्णांना समुद्रातलं कळतं, यावर आमच्या घरात दुमत नाही. नीलला लक्ष्मणपूरच्या दोन नंबर किनाऱ्यावर तो नैसर्गिक दगडी पूल आहे, तिथं जायचं होतं. तिथं जाताना प्रवाळाच्या खडकांवरून चालावं लागतं आणि ते ओहोटीलाच जमतं. मी फोनवर वेळ बघायला लागलो, तर अण्णा म्हणाले, "जावईबापू, त्याला फोन कशाला हवा? आज अष्टमी. तिथीची पाऊणपट करा. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला पूर्ण ओहोटी. साडेअकराला निघू, घाई नाही."

कोकणात हा हिशोब चोख चालतो, मी स्वतः वापरलाय. पण तो आपल्या किनाऱ्याचा हिशोब आहे. चंद्र डोक्यावर आल्यानंतर किती वेळाने पाणी चढतं, हे प्रत्येक बंदराचं वेगळं असतं. अण्णांचा हिशोब श्रीवर्धनला खरा ठरला असता. नीलला आम्ही बाराला पोचलो तेव्हा पाणी केव्हाच परतीला लागलं होतं. त्यात अष्टमी, म्हणजे भांगाची भरती-ओहोटी. पाणी मुळात फार ओसरलेलंच नव्हतं. खडकांमधल्या ज्या डबक्यांत तारामासे आणि काळ्या वांग्यासारख्या सागरी काकड्या दिसतात, त्यांच्यावर हलकेच लाटा येत होत्या.

तरी गेलो. पंधरा मिनिटं खडकांवरून तोल सावरत. पुलापाशी फोटो काढेपर्यंत माझ्या सँडलच्या पट्ट्यांमधून पाणी वर यायला लागलं. बरोबरचा गाइड पोरगा आधी हसत होता, मग हसायचा थांबला. "अंकल, पानी घूम गया, चलो चलो." परतताना अण्णांचा पाय शेवाळावरून घसरला आणि आधाराला टेकलेला हात प्रवाळावर पडला. प्रवाळाची जखम दिसते खरचटल्यासारखी, पण ती आठवडाभर चिघळते. ठाण्याला परत आल्यावरही हाताला पट्टी होती. अण्णा त्या विषयावर बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "तिकडचा चंद्र वेगळा दिसतो."

पोर्ट ब्लेअरला भरती-ओहोटीची मोजणी एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. त्या बंदराच्या वेळा फोनवर मिळतात, हॉटेलच्या काउंटरवरही कुणीतरी सांगतं. मी सहलीचं बुकिंग करायच्या आधी पंचांग काढतो. नीलचा दिवस शक्यतो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येईल असं बघतो, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर ओसरतं आणि खडक उघडे पडतात. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी तिथं पोचायचं आणि पाणी फिरायच्या आत निघायचं. उलट नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावर पोहायचं असेल तर भरती हवी, ओहोटीला तिथं गुडघाभर पाण्यात नुसतेच दगड लागतात. एकाच बेटावर, एकाच दिवशी, सकाळी एक जागा आणि दुपारी दुसरी, ती याच हिशोबाने. तुमच्या शीटमधल्या 'पॉइंट ७' आणि 'पॉइंट ८'ची अदलाबदल करायला समुद्र बांधील नाही.

जेवण

हॅवलॉकला जाऊन रिसॉर्टच्या बुफेत पनीर बटर मसाला खाणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. म्हणजे, म्हणतो.

हॅवलॉक आणि नीलवरची बहुतेक वस्ती बंगाली आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना इथं वसवलं गेलं. त्यामुळे खरं स्थानिक जेवण म्हणजे बाजारातल्या साध्या खानावळीतली माशाची थाळी. हॅवलॉकला गोविंदनगरच्या बाजारात (तिथले लोक त्याला नुसतं 'तीन नंबर' म्हणतात) अशा खानावळी आहेत. स्टीलच्या ताटात वाफाळता जाडसर भात, पातळ डाळ, कुरकुरीत बटाट्याची भाजी आणि वाटीत हळदीने पिवळ्याधमक रश्शात माशाचा तुकडा. पहिल्या घासाला मोहरीच्या तेलाचा वास नाकात जातो, दुसऱ्याला सवय होते, तिसऱ्याला रस्सा पुन्हा मागता. खोबरं-कोकम शोधू नका, ते घरी आहे.

मेन्यू कार्ड बघू नका. "आज कौन सा मछली आया?" एवढं विचारा. आणि एकच्या आत पोचा, दोननंतर मासा संपलेला असतो आणि मग कंटाळलेला पोरगा अंडाकरी समोर ठेवतो. खेकडा आणि लॉबस्टर वजनावर असतात, आधी भाव विचारा. बिल आल्यावर घासाघीस करणारा माणूस मला बघवत नाही.

आणि सुटकेसमधलं चिवड्याचं पाकीट बोटीसाठी ठेवा. सकाळी भरपेट मिसळीसारखं खाऊन बोटीत बसू नका, एवढंच.

शंख-शिंपले खिशात

भाच्याने कालापथ्थरच्या किनाऱ्यावरून बोटाएवढा मेलेल्या प्रवाळाचा तुकडा उचलला होता. पांढरा, भोकाभोकांचा, अगदी निरुपद्रवी. विमानतळावर स्कॅनरमध्ये तो दिसला. बॅग उघडली, सगळ्यांचे धुवायचे कपडे टेबलावर आले, पोराला रडू फुटलं. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि 'मेलेलं होतं', 'किनाऱ्यावरच पडलं होतं' ही उत्तरं तिथं रोज ऐकली जातात. आम्हाला समज देऊन सोडलं. दुकानातून घेतलेल्या शंखाचीही पावती आणि परवान्याचा कागद जपून ठेवा.

बाराटांग

बाराटांग म्हणजे चुनखडीच्या गुहांचं बेट. तीन-चार दिवसांच्या सहलीत ते घुसडू नका. पहाटे निघून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी रांगेत थांबायचं, मग जंगलातून गाडी, मग बोट, मग गुहा, आणि तेवढंच परत. दिवस संपला. गुहा चांगल्या आहेत, नाही म्हणत नाही. पण निम्मी माणसं गुहांसाठी जातच नाहीत, वाटेत जारवा आदिवासी दिसतील म्हणून काचेला नाक लावून बसतात. तो रस्ता त्यांच्या राखीव जंगलातून जातो. गाडी थांबवायला, फोटो काढायला, काही द्यायला बंदी आहे. माणसं बघायला जायची ही हौस मला कधीच कळली नाही.

बारीकसारीक

तिकिटावर हॅवलॉक सापडलं नाही म्हणून घाबरू नका. २०१८ पासून ते स्वराज द्वीप आहे आणि नील हे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजय पुरम आहे. बोलताना सगळे अजून जुनीच नावं घेतात.

सरकारी बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात, खासगी हॅडोवरून. रिक्षात बसायच्या आधी तिकीट वाचा.

रोख पैसे जवळ ठेवा. २०२० मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून हॅवलॉकला नेटवर्क बरंच सुधारलं. नीलला मात्र क्यूआर कोडसमोर फोन हवेत धरून उभी असलेली माणसं अजून दिसतात.

मगरीचा फलक गंमत म्हणून लावलेला नसतो. २०१० मध्ये राधानगरजवळच्याच एका छोट्या खाडीत एका अमेरिकन तरुणीचा मगरीने जीव घेतला. खारफुटीजवळ आणि संध्याकाळी पाण्यात उतरू नका.

संध्याकाळी वाळूवर बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत, रात्री खाज सुटते. मी पायांना खोबरेल तेल चोपडून बसतो. बायको म्हणते, वास येतो. तिला चावतात.

सेल्युलर जेलमध्ये सगळे मराठी लोक धावत तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, सावरकरांच्या कोठडीत जातात, फोटो काढतात आणि बाहेर. जा, जरूर जा. पण उतरताना मधल्या मनोऱ्यात थांबा. तिथं संगमरवरावर कैद्यांची नावं प्रांतवार कोरलेली आहेत, बंगाल, पंजाब, आणि बरीच. मागच्या खेपेला अण्णा तिथं चष्मा पुसत पुसत तासभर नावं वाचत उभे होते. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला वेटिंगचे पैसे दिले आणि चहा प्यायला पाठवलं.