मूरवरची रविवारची धाव: या चुका टाळा, निदान माझ्या गटात तरी

इल्कली मूर म्हणजे इंग्लंडात यॉर्कशायरमधलं उघडं माळरान, माथा ४०२ मीटर. मी साताऱ्याची, आमचं अख्खं गाव याहून उंचावर वसलेलं. त्यामुळे लीड्सला आल्यावर पहिल्यांदा हा आकडा ऐकला तेव्हा मीही हसले होते. आता क्लबच्या रविवारच्या धावेला एखादा नवा गडी तसाच हसला की मी आधी त्याच्या पाठीवर सॅक आहे का बघते. बहुतेक वेळा नसते.

लीड्सहून अर्ध्या तासाची रेल्वे, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर मूर. झाड जवळपास नाही, नुसती हेदरची खुरटी झुडपं आणि गवत, अधूनमधून काळा दगड. सगळं उघडं दिसतं, म्हणून माणसाला वाटतं की इथे चुकायचं तरी कुठे? आणि मग धुकं उतरतं. यॉर्कशायरची माणसं त्याला क्लॅग म्हणतात. दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही, आणि मेंढ्यांनी पाडलेली प्रत्येक वाट खरी वाटायला लागते. आपल्याकडे याला चकवा लागणं म्हणतात. इथे त्याला भूत लागत नाही, घाई पुरते.

पुढचे पुढे, मागचे मागे

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण ती मीही केली आहे.

नोव्हेंबरमधला रविवार, आम्ही चौदा जण. बेत साधा: स्टेशनावरून व्हाइट वेल्स या उतारावरच्या जुन्या इमारतीपाशी, तिथून चढून ट्वेल्व्ह अपॉसल्स या जुन्या शिळावर्तुळापाशी, आणि मागे फिरून काऊ अँड काफ, म्हणजे गाय-वासरू नावाच्या दोन प्रचंड खडकांवरून खाली. वर्तुळापर्यंत जवळजवळ ३०० मीटर चढ. त्या दिवशी एक नवा मुलगा होता, पाय हरणाचे. रस्त्यावरच्या शर्यतींत त्याची वेळ आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली. व्हाइट वेल्सला तो म्हणाला, "मॅप आहे फोनमध्ये, वर भेटू." मी मान हलवली. ही माझी चूक.

आम्ही वर पोचलो तेव्हा क्लॅग उतरला होता. दगड मोजायला बारा, माणसं मोजायला तेरा. तो नव्हता. वाट वर्तुळापाशी संपत नाही, सरळ दक्षिणेला जाते आणि मूरच्या पार पलीकडे डिक हडसन्स या पबापाशी उतरते. तो त्याच तालात पुढे निघून गेला होता. आम्ही शिट्ट्या मारल्या, हाका मारल्या, चाळीस मिनिटं वाऱ्यात उभे राहिलो. ९९९ हा इथला आपत्कालीन नंबर लावायला मी फोन काढला तेवढ्यात त्याचा मेसेज आला. थंडीत फोनची बॅटरी बसली होती, कुणाचा नंबर पाठ नव्हता, पबात चार्जर मिळाल्यावर गडी बोलता झाला. त्याला काहीही झालं नव्हतं. शेकोटीजवळ बसला होता म्हणे.

झालं ते दुसऱ्याला. आमच्यातला एक जण सुती टी-शर्टवर आला होता. चढताना घामाने भिजला आणि मग उभा राहिला. वीस मिनिटांत दात वाजायला लागले, नंतर वाजायचे थांबले आणि जीभ जड झाली. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं समजू नका, ते वाईट लक्षण. माझं जास्तीचं जॅकेट आणि प्लास्टिकची सर्व्हायव्हल बॅग त्याच्यावर चढवून दोघांनी त्याला धरून खाली नेलं.

तेव्हापासून माझे नियम. ते कुठल्या पुस्तकातले नाहीत, पण माझ्या गटात चालतात. प्रत्येक फाटकाशी, प्रत्येक फाट्याला डोकी मोजायची. शाळेच्या सहलीसारख्या जोड्या लावायच्या. मोठी माणसं लाजतात, लाजू देत. पुढे गेलेल्यांनी उभं राहायचं नाही, उलट पळत शेवटच्या माणसापर्यंत यायचं. व्यायामही होतो आणि थंडीही वाजत नाही. आणि सगळ्यात वेगवान माणूस शेवटी. स्वीपचं, म्हणजे मागे राहून सगळ्यांना गोळा करत येण्याचं काम म्हणजे शिक्षा असं त्याला वाटतं. थोडी आहेही.

"धावणारच आहोत, थंडी कसली?"

धावताना नसते. थांबल्यावर असते, आणि गटात धावायचं म्हणजे थांबणं आलंच. कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाचा पाय मुरगळतो, कुणाला खडकावर फोटो हवा असतो. म्हणून शिवणींवर टेप असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट, टोपी, हातमोजे, शिट्टी आणि खायला काहीतरी. ऊन असलं तरी. या मूरवर बिनटोपीचं फिरून थंडीने मरणाऱ्या माणसावर यॉर्कशायरमध्ये लोकगीत आहे, लोक ते हसत हसत गातात. आपण टोपी घालून गावं. कापूस घरी ठेवा. ओला झाला की तो तुमचीच ऊब खातो.

फोन म्हणजे नकाशा नव्हे

फोन वापरा, मीही वापरते. पण सॅकमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेचा (ओएस) कागदी नकाशा, एक्सप्लोरर २९७, आणि होकायंत्र असू द्या. इथे होकायंत्राचं काम फार साधं आहे: इल्कली आणि व्हार्फ नदी उत्तरेला. उत्तरेच्या कडेला खडकांचे कडे आहेत, तेव्हा दिशा कळली म्हणून वाट सोडून सरळ खाली सुटायचं नाही. शॉर्टकट म्हणून हेदरमधून घुसलेला माणूस वाटेवरच्या माणसाआधी पोचलेला मी अजून पाहिलेला नाही. मदत लागलीच तर ९९९ ला आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. रेंज क्षीण असेल तर ९९९ ला एसएमएस जातो, पण त्यासाठी आधी "रजिस्टर" असा मेसेज पाठवून नोंदणी करावी लागते. ती आज घरी बसून करा. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा फुंकी, मग मिनिटभर शांतता, आणि पुन्हा.

बाकीच्या चुका लहान, पण दर रविवारी दिसतात.

रस्त्यावरचे गुळगुळीत बूट. ओल्या पीटवर, म्हणजे इथल्या काळ्या दलदलीच्या मातीवर, त्यांचा उपयोग घसरगुंडीपुरता. खोल ग्रिपचे घ्या आणि नाडीला दुहेरी गाठ मारा, कारण पीट बूट ओढून घेतं.

पोपटी, मऊ, सुरेख दिसणारं मॉस म्हणजे हिरवळ नाही. खाली पाणी आहे.

किलोमीटरला किती मिनिटं पडली ते घड्याळात बघणं. चढावर चाला. सगळे चालतात.

उन्हाळ्यात ब्रॅकनमधून, म्हणजे उंच नेच्यांमधून, उघड्या पायांनी गेलात तर घरी येऊन गोचीड शोधा. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम डिसीज थट्टेचा विषय नाही.

१ मार्च ते ३१ जुलै पक्षी जमिनीवर घरटी करतात. कुत्रा दोरीवरच हवा.

स्वस्तिक स्टोन, म्हणजे स्वस्तिकासारखी आकृती कोरलेला दगड, बघायला आपली मंडळी फार उत्साहाने धावतात. रेलिंगच्या आत पुढे ठसठशीत दिसतं ते व्हिक्टोरियन काळातलं नक्कल-कोरीव काम. खरं, पुसट झालेलं, मागच्या दगडावर आहे. रेलिंग ओलांडायचं नाही, आणि मूरवरच्या कुठल्याही कोरलेल्या दगडावर बूट ठेवायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच.

उतरताना व्हाइट वेल्सवर झेंडा फडकत असला तर कॅफे उघडं आहे. नसला तर माझ्या थर्मासमध्ये आल्याचा चहा असतो. चार जणांना पुरतो, आणि पहिला कप शेवटी पोचणाऱ्याला.